चिट्टीला पांढरं करताना

३ फेब्रुवारी
लेकीचं, अलकाचं लग्न पुढच्या आठवड्यात. अंबाजीचा जावई पांढऱ्या घोड्यावरून आला होता, तेव्हापासून हा माझा चुलतभाऊ तेच ऐकवतोय. आमचाही पांढऱ्यावरच येणार. घोडी घरचीच, शमशाबादच्या शेतावरची चिट्टी. अलकाने शिंगरू असल्यापासून वाढवलेली. खोट एकच: अंगभर तपकिरी ठिगळं. अलका तिला ‘पेंट हॉर्स’ म्हणते. असेल. फोटोत मळकी दिसते. पेंट हॉर्सला पेंट लावायचा, त्यात काय!

४ फेब्रुवारी
बेगम बाजारातून ऑइल पेंट आणला. पांढरा, ग्लॉसी. दुकानदार म्हणे, ‘गेट कू मारना है क्या?’ हौ म्हणालो. बायको म्हणाली, आधी डॉक्टरला विचारा. सरकारी इमारती रंगवून घेण्यात माझी अख्खी नोकरी गेली, आणि त्रिवेणी मला रंग शिकवते!

५ फेब्रुवारी
धूळ बसू नये म्हणून तबेल्याची दारं-खिडक्या लावून घेतली. दोन हात दिले. चिट्टी खोकत होती, पाय आपटत होती. नखरे. लांबून अगदी संगमरवर! अलकाला सरप्राइज.

६ फेब्रुवारी, सकाळ
भिंतीला अंग घासून रंग खराब करतेय. मान वळवून कूस चाटते. तोंडाला फेस. होईल सवय.

दुपार
काही खात नाही. टर्पेंटाइनने रंग पुसायला घेतला. लाथ बसली. मांडी काळीनिळी. मी हे कोणासाठी करतोय?

संध्याकाळ
त्रिवेणीने परस्पर डॉक्टर बोलावल्या, शैला मॅडम. रंग पोटात गेलाय, वासाने छाती भरलीय, टर्पेंटाइनने कातडी भाजलीय म्हणाल्या. जनावरांसाठी पाण्याने धुतला जाणारा रंग मिळतो म्हणे. तोही आधी थोडासा लावून बघायचा, उघड्यावर. पाठीवरचे केस भादरले. वरातीपर्यंत उगवतील का, विचारलं. मला सोडून त्रिवेणीलाच औषधं समजावू लागल्या. उद्धट बाई.

७ फेब्रुवारी
अलका आली. रडली नाही. ‘तिला काय झालं ते दिसतंय, बाबा. तुम्ही काय केलंत ते सांगा.’
रंगाची क्वालिटी खराब निघाली, म्हणालो.
औषध लावायला ती तिथेच राहिली. हातावर मेंदी काढायचीय, हे सांगणारा मी एकटाच.

१३ फेब्रुवारी
काल लग्न झालं. जावई कारमधून आला. घोडा का नाही, कोणीच विचारलं नाही. अंबाजीनेसुद्धा. निघताना अलका आईच्या गळ्यात पडून खूप रडली. मला वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसली. घाईत असावी.

९ मार्च
चिट्टी खायला लागली. जखमा भरल्या, तिथे केस मात्र नाहीत. त्रिवेणी माहेरी म्हणून आज गाजरं घेऊन मीच गेलो. दार उघडताच पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली. थरथरत होती. एवढ्यात अलकाचा फोन. आधी आईला केला होता, चिट्टीकडे मी आहे म्हणून तिने मला करायला सांगितलं.
‘चिट्टी आली का जवळ?’
हौ, म्हणालो. हातातलं गाजर खातेय.
‘मग फोन तिच्या तोंडाशी धरा. चावताना ऐकू दे मला.’
मी दारातच फोन पुढे धरला. अलका बराच वेळ ऐकत होती.
‘ठेवते, बाबा,’ म्हणाली.