पाळकसाहेबांच्या चुलीसाठी

पप्पा, काल आपल्या मराठी मंडळीत कापणीचा सण झाला. इथे दिल्लीत कापायला कोणाचं शेत नाही, तरी लोक गच्चीवरच्या कुंडीतल्या मिरच्या, भाजी मंडईतला भोपळा, करंज्यांचे डबे घेऊन आले आणि वेदीसमोर ठेवले. उपासना तशीच दुपारी, सकाळच्या इंग्रजी उपासनेनंतर मोठं चर्च रिकामं होतं तेव्हा. आशीर्वादाआधी लोकांनी एकेक करून उभं राहून येत्या वर्षाच्या देणगीचं वचन द्यायचं, हेही तसंच. फरक एवढाच की लोकांना वचन द्या म्हणून सांगण्याचं काम यंदा माझ्याकडे होतं. तुमचं काम. ते मी तुमच्यासारखं केलं नाही, आणि त्याबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

तुम्ही कसं करायचात ते मला पुरतं आठवतं. कोपर्निकस मार्गावरच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये शनिवारी दुपारची जेवणं उरकली की तुम्ही ॲप्रन काढून घरी येता, हातापायावर पाणी घेता, तरी अंगाला फोडणीचा वास असतोच. मग मला घेऊन बसने निघता. कोणाच्याही घरी तुम्ही पैसे मागत नाही. हिंदूराव हॉस्पिटलात नर्स असलेल्या आणि तिकडेच राहणाऱ्या सिस्टरमावशींच्या दारात उभं राहून तुम्ही म्हणता, "सिस्टर, तुमचा पंखा आवाज करतोय." कारण कधीतरी त्यांच्या वर्गणीतून चर्चमधला पुढून तिसरा पंखा आलेला असतो आणि तेव्हापासून तो त्यांचा असतो. हार्मोनियमचा भाता मंडळीच्या सचिवकाकांचा. सतरंज्या लष्करी कॅन्टमधल्या हवालदारकाकांच्या. प्रत्येक घराची एक वस्तू तुम्ही लक्षात ठेवलेली, आणि तिची तब्येत सांगायला तुम्ही जायचात. सिस्टरमावशी चहा टाकता टाकता म्हणायच्या, "भाऊ, नवऱ्याने माझ्या नावावर कधी चमचा केला नाही, तुम्ही पंखा केलात." निघताना पदराच्या गाठीतून जे काही निघेल ते त्या तुमच्या हातात ठेवायच्या, आणि तुम्ही ते न बघता खिशात घालायचात.

एकदा आपल्या करोल बागेतल्याच एका घरी त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, पण बाकी काही दिलं नाही. जिना उतरताना मी म्हटलं की यांच्याकडे तर रंगीत टीव्ही आहे. तुम्ही पायरीवर थांबलात. मागे वळून न बघता म्हणालात, "त्यांच्या घरचा चहा प्यायलीस ना? मग त्यांच्या टीव्हीबद्दल बोलायचं नाही." संपूर्ण रस्ता तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. घराच्या कोपऱ्यावर मात्र मला उसाचा रस पाजलात, आणि मी तो पूर्ण संपवेपर्यंत दप्तर धरतात तसा माझा हात धरून उभे राहिलात. आजही कोणाच्या घरातल्या वस्तूंवर माझी नजर गेली की मी ती चटकन परत आणते.

पण दुसराही एक दिवस मला आठवतो, आणि तो तुम्हालाही आठवत असणार. तेव्हाचे पाळकसाहेब आपल्या मागच्या गल्लीतल्या बरसातीत राहायचे. उन्हाळ्यात त्या गच्चीवरच्या खोलीत भिंतीला हात लावता यायचा नाही. त्यांच्या पत्नी एक दिवस वाटी घेऊन आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. साखर हवी होती. आईने वाटी भरून दिली आणि वर चहाची पूडही बांधून दिली. त्या म्हणाल्या, पगाराचं या महिन्यात जरा मागेपुढे झालंय. तुम्ही पाटावर जेवत होतात. तुम्ही मान वर केली नाही. त्या गेल्यावर आईने पोळी तुमच्या ताटात टाकली, जरा जोरातच, आणि म्हणाली, "तुमचे पंखे सगळे फिरतात. पाळकाच्या चुलीला कोणाचं नाव लावणार आहात?"

तुम्ही घास परत ताटात ठेवलात. मग म्हणालात, "एका माणसाच्या जेवणासाठी दुसऱ्या माणसाकडे, त्याच्यादेखत, कसं मागायचं?"

मला तेव्हा ते उत्तर पटलं होतं. तुम्ही आयुष्यभर लोकांना जेवू घातलं, पण कोणाच्या भुकेबद्दल चार लोकांत बोलणं तुम्हाला जमायचं नाही. ते त्या माणसाचे कपडे काढून घेतल्यासारखं वाटायचं तुम्हाला. म्हणून पंखे आले, सतरंज्या आल्या, आणि पाळकसाहेबांचा पगार जो काही उरेल त्यातून होत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात ते नगरकडे परत गेले. सामान टेम्पोत चढवायला तुम्हीच होतात. नंतर बराच काळ आपल्याला पाळक नव्हते.

तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. मी बी.ए. झाले, मग एम.ए. झाले, गुडगावला नोकरीला लागले, यातलं तुम्ही काहीच पाहिलं नाही. मंडळीत मात्र अजून माझी ओळख करून देताना भाऊंची मुलगी म्हणतात आणि मग जरा थांबून, शिकलेली आहे हं, असं जोडतात. त्या शिकलेलीमुळेच यंदा सचिवकाकांनी मला पंचांच्या बैठकीत बोलावलं. दोन वर्षांपूर्वी आलेले पाळकसाहेब तरुण आहेत, चांगले आहेत, त्यांना एक लहान मुलगी आहे. काकांनी सरळ सांगितलं की सणापर्यंत महिन्याच्या पगाराची पक्की वचनं आली नाहीत तर पाळकसाहेबांना दुसरीकडे पाठवतील, आणि आपण सगळ्यांनी संध्याकाळच्या हिंदी उपासनेत बसायचं. हिंदी उपासनेत वाईट काही नाही, पप्पा. माझी स्वतःची मराठी आता निम्मी हिंदीच आहे. पण सिस्टरमावशींनी सगळं आयुष्य वॉर्डात हिंदीत काढलं आणि अजून देवाशी त्यांना मराठीतच बोलता येतं. त्यांनी कुठे जायचं?

मी ठरवलं की हे काम नीट करायचं. मला मनापासून वाटतं की माणसाने आपल्या मिळकतीचा काही भाग आधीच बाजूला काढावा, तो कोणत्या वस्तूत गेला हे न विचारता. आणि कोणी किती दिलं हे कोणाला कळू नये, म्हणजे कमी देणाऱ्याला मान खाली घालावी लागणार नाही. म्हणून मी वचनाची कार्डं छापून घेतली आणि त्यावर नावाची जागाच ठेवली नाही. उपासनेत उभी राहून देवाच्या देणग्यांचे आपण कारभारी आहोत यावर बोलले. लोकांनी शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर सिस्टरमावशी म्हणाल्या, "बेटा, बिल्कुल छान बोललीस. पण आमचं नाव का काढून टाकलंस?" पुढच्या रविवारी अर्पणाच्या थैलीत कार्डं आली, थोडीच, आणि त्यातली बरीच कोरी. एकावर अक्षर ओळखू येईल असं लिहिलं होतं, पंखा, पूर्वीप्रमाणे. मी मान राखायला नावं काढली होती आणि लोकांना वाटलं आपल्याला मंडळीतूनच काढलं.

मग मी तुमच्यासारखी निघाले. घरोघर. आई म्हणाली, बापाच्या चपला झिजल्या, आता लेकीच्या, आणि डब्यात थालीपीठ भरून दिलं. मी प्रत्येक घरी चहा प्यायले. वस्तूंची तब्येतही सांगितली. पण त्यानंतर मी थांबले नाही, पप्पा. मी म्हटलं की पंखा ठीक चालतोय, आता पाळकसाहेबांच्या घरभाड्याचं आणि किराण्याचं बोलायचंय, आणि दर महिन्याचं बोलायचंय. काही लोक हसले, काहींनी विचार करतो म्हटलं. सगळे एकच विचारायचे, हवालदारकाका काय म्हणतात? कारण फौजेतली घरं त्यांच्या मागे चालतात, हे तुम्हाला माहीत आहेच.

काका आता निवृत्त होऊन पालमला राहतात. गुडघे गेलेत, आवाज तसाच आहे. मी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, सतरंज्या बदलायच्या असतील तर सांग, उद्या बदलतो. मी म्हटलं, सतरंज्या नकोत काका, पगार हवाय. वरून विमान गेलं. मग ते म्हणाले, "भाऊंनी इतकी वर्षं कधी पगारासाठी हात पसरला नाही. त्यांना आवडलं असतं का हे?"

मी म्हटलं, "हो काका. ते असते तर यंदा त्यांनी हेच मागितलं असतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत हाक मारली, अगं, चष्मा आण, आणि मला म्हणाले, "चलो. लिही माझं नाव. नाव लिही हं, कोरं नको." तिथे बसूनच त्यांनी चार घरी फोन केले, आणि प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच सांगितलं, भाऊंचीच इच्छा होती.

काल ते काठी टेकत सगळ्यात आधी उभे राहिले. त्यांच्यानंतर सिस्टरमावशी म्हणाल्या, पंखा माझा तो माझाच, आणि पाळकसाहेबांच्या भाड्यात दर महिन्याला माझा वाटा. मग एकामागून एक. सचिवकाका लिहून घेत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून सांगितलं की वर्ष निघेल, पाळकसाहेब राहतील. लोकांनी गीत सुरू केलं. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांचं भाडं, त्यांचं दूध, त्यांचा गॅस असं सगळं भर मंडळीत त्यांच्यादेखत बोललं जात होतं तेव्हापासून त्यांची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. तुम्ही जे चेहऱ्यावर बघायचं टाळत होतात, ते मला पहिल्यांदा दिसलं. तुम्ही उगाच घाबरत नव्हतात. पण बाजूलाच त्यांच्या पत्नी होत्या. उपासना संपल्यावर त्या मुलीला कडेवर घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, म्हणजे आता हिचं नाव इथल्याच शाळेत घालायचं ना?" मी हो म्हटलं. त्या हसल्या, आणि मग सगळ्यांना वाढायला मदत करायला गेल्या.

तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही. मी बरोबर होते असंही आज ठामपणे म्हणवत नाही. दोन्ही चेहरे एकाच बाकावर होते. पुढच्या वर्षी मागायचंच आहे, तेव्हा पाळकसाहेबांना थोडा वेळ बाहेर चहाला पाठवता येईल का, एवढा विचार मी केलाय. हसाल तुम्ही.

आई झोपली आहे, दुपार आहे, आणि हा कागद कोणाच्या पत्त्यावर जाणार नाही म्हणूनच लिहिते. हवालदारकाकांना मी जे सांगितलं ते आता सगळी मंडळी सांगतेय, भाऊंची इच्छा, भाऊंची इच्छा. आईसुद्धा काल शेजारणीला तेच सांगत होती आणि डोळे पुसत होती. कोणी मला विचारलं नाही की तुला कसं माहीत. मला माहीत नव्हतं, पप्पा. मी नुसतंच हो म्हटलं.