पट्ट्यांच्या पिशवीतली प्रत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहितो आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण त्याची शस्त्रक्रिया उद्या सकाळी आहे, आणि मृत्युपत्राला हृदय धडधाकट लागते असे कोठे लिहिलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घाई मात्र आहे. ती कशाची ते चौथ्या कलमात येईल. ज्यांना सवड नसेल त्यांनी आधी तेच वाचावे.

१. राहते घर माझ्या पत्नीचे. ती हयात असेपर्यंत तिला येथून कोणी हलवू नये, तिच्या भल्यासाठीसुद्धा नाही. तिच्या पश्चात घर मुलीचे. मोरीतला नळ उलटा बंद होतो हे मुलीने लक्षात ठेवावे. प्लंबरला मी हे कैकदा सांगितले, दर वेळी त्याने मान डोलावली आणि नळ तसाच आहे.

२. बँकेतली ठेव पत्नीच्या औषधपाण्यासाठी आणि दिवसा तिच्या सोबतीला येणाऱ्या बाईंच्या पगारासाठी. या बाईंना काढू नये. पत्नीने जन्मभर कपडे शिवले. आता तिला बाकी काही आठवत नसले तरी ती रोज या बाईंच्या दंडाचे माप घेते. बाई निमूट हात पसरून उभ्या राहतात. असे माणूस शोधून सापडत नाही.

३. पेचकस, तेलाच्या बुधल्या, सुयांचे डबे, सगळी हत्यारे मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या मशीनवाल्याला. त्याने आयुष्यभर माझी गिऱ्हाइके पळवली, पण मशीन उघडताना तो धसमुसळेपणा करत नाही, आणि हत्यारांना तेवढे पुरते. ज्या दुकानदाराने फोटो साठवायचा वापरलेला ड्राइव्ह नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला, त्याला तो बंद पडलेला ड्राइव्ह (चौथ्या कलमातल्या दोहोंपैकी नव्हे, हा तिसरा) परत नेऊन द्यावा. बोलू काही नये. नुसता काउंटरवर ठेवून यावे.

४. आता मुद्द्याचे.

आमच्या घरच्या संगणकात घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ होते. त्यांच्या प्रती ठेवायला दोन ड्राइव्ह. पत्नीने दोन्हींना पिशव्या शिवल्या, एक चौकडीची, एक पट्ट्यांची. एक ड्राइव्ह आमच्याकडे, दुसरा तिच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे. महिन्यातून एकदा तो जेवायला यायचा आणि जाताना पिशव्यांची अदलाबदल व्हायची. घराला आग लागली तरी एक प्रत बाहेर शाबूत राहावी, असा हिशेब. संगणकातला प्रोग्राम त्यानेच बसवला. "तुम्ही फक्त वायर जोडायची, भाऊजी, बाकी सगळे आपोआप," असे तो म्हणाला होता. प्रोग्रामचा पासवर्ड पत्नीने ठेवला, कारण घरात स्मरणशक्ती तिचीच चांगली होती.

पुढे तिला विसर पडू लागला. त्यात पासवर्डही गेला, आणि आता प्रोग्राम बदलता येत नाही की बंद करता येत नाही. मेहुणा एकदा तिच्यासमोरच म्हणाला की ताईला आता कुठेतरी नीट सोय बघून ठेवू या, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही. मी त्याला भरल्या ताटावरून उठवले. तो बरोबर होता की चूक, यावर मी येथे एक अक्षर लिहिणार नाही. अदलाबदल बंद झाली आणि पट्ट्यांची पिशवी त्याच्याकडेच राहिली.

त्यानंतरची गोष्ट. पत्नी संगणकासमोर बसून फोटो बघत होती. मी म्हटले, बसू दे, रमली आहे. ती परक्या माणसांना काढून टाकत होती. कोण कुठले लोक आपल्या घरात येऊन बसलेत, असे तिला वाटले असावे. मुलगी गेली, भाऊ गेला, मी गेलो. कचरापेटीही तिने रिकामी केली, कारण टापटीप तिच्या अंगातच आहे. गेलेले परत आणायला मी धावत चौकडीचा ड्राइव्ह जोडला. प्रोग्रामला अक्कल एवढीच की संगणकात जे आहे तेच ड्राइव्हमध्ये, नाही ते नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्या प्रतीतूनही आम्ही सगळे गेलो. मालकाच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा नोकर असतो, तशी ती प्रत होती.

हे फोटो नसल्याने काय अडते, असे कोणी विचारील. एक व्हिडिओ होता. तिच्या दुकानात मी तेलाची बुधली घेऊन येतो आणि ती माझ्यावर कावते की कापडावर थेंब पडला तर बघा. संध्याकाळी ती मला घाबरायची तेव्हा मी तो लावायचो. ती पडद्याकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि सरकून मला जागा करायची. मग माझ्या हातून जेवायची. आता ती माझ्या हातचे खात नाही. अनोळखी माणसाच्या हातचे कोण खाईल? तिने तोंड मिटून घेतले की मला रडू येते, आणि तिला वाटते हा कोण येऊन रडतो आहे. उद्या मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठलो नाही, तर मुलगी घास घेऊन तिच्यासमोर बसेल, आणि ती मुलीलाही ओळखणार नाही.

जगात आता एकच प्रत उरली आहे, पट्ट्यांच्या पिशवीत. भांडणामुळे ती जुनी राहिली, म्हणून वाचली.

आणि मेहुणा ती घेऊन येणार आहे. मुलीने त्याला फोटो गेल्याचे कळवले. तो म्हणाला, भाऊजी दवाखान्यात गेले की मी येऊन ड्राइव्ह जोडून देतो, ते उगाच घाबरतात. त्याच्या मते प्रोग्राम फक्त भर घालतो. घराची किल्ली त्याच्याकडे आहे. माझा फोन तो उचलत नाही. संगणकाची वायर मी दवाखान्याच्या पिशवीत घालून नेणार आहे, पण तसल्या वायरी त्याच्याकडे पोत्याने आहेत.

म्हणून हात जोडून लिहितो: तो ड्राइव्ह आमच्या संगणकाला जोडू नये. दुसऱ्या, कोऱ्या संगणकावर त्याच्या तीन प्रती कराव्यात. एक घरी, एक मुलीकडे, एक मेहुण्याकडे. कोणतीही प्रत दुसरीच्या मागे आपोआप चालणारी नसावी. अधूनमधून प्रत्येक उघडून बघावी की आम्ही आत आहोत.

५. मेहुण्याला मी काहीही ठेवत नाही. रागाने म्हणा हवे तर.

पुरवणी, त्याच दिवशी.

साक्षीसाठी बोलावलेल्या, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका चौथे कलम वाचून उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या फोनवरून मेहुण्याला ते वाचून दाखवले. तो तासाभरात आला. दार पत्नीने उघडले. मी आधी धावत जाऊन संगणकाची भिंतीतली वायर उपटली.

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, उलटी करून टाके बघितले आणि म्हणाली, "ही शिवण माझी आहे." मग त्याच्याकडे निरखून बघितले. "हा फोटोतला. ह्याला मी काढून टाकलं होतं ना?"

"हो ताई," तो म्हणाला. "परत आलोय."

तिने त्याला आत घेतले. पिशवी तिच्या मांडीवर आहे, ती कोणाला देत नाही, आणि मीही मागणार नाही. कोरा संगणक तो उद्या आणणार आहे. ड्राइव्ह उघडेल की नाही हे मला दवाखान्यात कळेल, किंवा कळणार नाही.

साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला काही मिळणार नाही असाच माणूस घ्या असे वकीलबाई म्हणाल्या होत्या. पाचव्या कलमामुळे मेहुणा त्यात बसतो. त्याने ते कलम वाचले आणि पेन मागितले.

लिहून देणार: सही (मशीनवाले)
साक्षीदार पहिल्या: सही (वरच्या मजल्यावरच्या बाई)
साक्षीदार दुसरा: सही (पत्नीचा धाकटा भाऊ)
ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ. आज पत्नी जेवली, भावाच्या हातून.