डावं मागचं चाक

शनि., ८ फेब्रु.
उद्याच्या शर्यतीची तयारी. बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी. धावत्या गाडीला शटर १/४० सेकंद. गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट आणि चाकं पुसट. शटर वेगवान ठेवलं तर चाक थांबलेलं दिसतं, गाडी पार्क केल्यासारखी.
ऑफिसनंतर नारायण पेठेत, दत्ताकाकांच्या गॅरेजात. सरदेसाई सरांची लाल दोन-सीटर (सरांपेक्षा दहा वर्षांनी मोठी) काकांनी ट्रेलरवर चढवली. सर मागच्या शर्यतीचे माझे फोटो भिंगातून बघत बसले होते. "इंजिनियरबाई, क्षितिज कललंय. आपण उभ्या होतात की घसरत होतात?" मग नेहमीचं, "याच्या पुढचा दाखवा." एका फोटोवर समाधान कधीच नाही.

रवि., ९
डावं मागचं चाक निघालं. तिसरी फेरी, दुसरं वळण. गाडी दोनदा उलटली.
सर शुद्धीत आहेत. पायांना हालचाल नाही.
मी फोटो काढत राहिले. अकरा. मग थांबले.
चाक लांब गवतात पडलं होतं. काका तिकडे गेले. उचललं नाही, नुसते शेजारी उभे राहिले.

सोम., १०
ऑफिस. रजा घेतली नाही. दोन ड्रॉइंग तपासली. दोन्हीत चुका, माझ्याच.

बुध., १२
शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. सकाळच्या सरावानंतर ब्रेक बघायला काकांनी चारही चाकं उतरवली होती. परत बसवताना डाव्या मागच्या चाकाचा मधला नट (या जुन्या गाडीला चाकामागे एकच) हातोड्याने ठोकून आवळला होता का, एवढाच प्रश्न. "शर्यत चालू असतानाचे फोटो पाठवा. नट दिसायला हवा."
पाठवले. सगळे १/४० चे. नट म्हणजे राखाडी वर्तुळ. मला हवं होतं तसंच.
"सुंदर आहेत," ते म्हणाले. "उपयोगाचा एकही नाही."

शुक्र., १४
काका घरी आले. चहा घेतला नाही.
"मी ठोकला होता का गं?"
चाळीस वर्षं त्यांचा क्रम एकच. नट हाताने फिरवून बसवायचा, तांब्याच्या हातोड्याने ठोकायचा, मग नटावरून चाकापर्यंत खडूची रेघ. रेघ दिसली की ते चाक झालं.
"तीन आठवतात. चौथ्याचं काही म्हणजे काही आठवत नाही. कोरं." मुलगा त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. "म्हणतो, बाबा, वय झालं. झालं असेल. पण एका चाकापुरतंच?"
फोटो बघते म्हटलं.

शनि., १५
शर्यतीआधीचे, उभ्या गाडीचे फोटो आज पुन्हा उघडले. १/१०००. सगळं स्पष्ट.
०४१२. १०:४२:१७. काका डाव्या मागच्या चाकाशी गुडघ्यावर. हातोडा वर. पुढच्या चाकावर खडूची रेघ. मागच्यावर अजून नाही.
०४१३. १०:४२:३१. गाडी एकटी. मागच्या चाकावर रेघ नाही. खाली उजव्या कोपऱ्यात सावली, तिच्या हातात हातोडा.
मधली चौदा सेकंदं कॅमेऱ्यात नाहीत. मला पाठ आहेत.
"काका, बाजूला होता जरा? फ्रेममध्ये येताय."
"एक मिनिट गं."
"ऊन जातंय, काका."
ते उठले.
०४१९ पर्यंत सात फोटो. सातहीत सावली. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "झालं का, इंजिनियर?" मी म्हटलं, अजून एक. तेवढ्यात गाड्या सुरुवातीच्या रेषेवर लावायची हाक आली आणि सरांनी इंजिन सुरू केलं.
०४१३ ला मी त्याच संध्याकाळी, फोटो निवडताना, पाच तारे दिले होते. अपघातानंतर. सवयीने.

मंगळ., १८
क्लबचं पत्र. मेकॅनिकची हलगर्जी. काकांना यापुढे ट्रॅकवर प्रवेश नाही.
सेक्रेटरींना मेल लिहिली. तीन ओळी, दोन फोटो. ड्राफ्टमध्ये आहे. का पाठवली नाही, ते इथेही लिहिता येत नाही.

गुरु., २०
हॉस्पिटल. सर सपाट पडून, छताकडे बघत.
"या. फोटो तरी बरा आला का?"
"दत्ताच्या हातून असं होत नाही. मग झालं कसं? पाय गेले, ठीक. ठीक नाही, पण गेले. कशाने गेले ते तरी माणसाला कळावं."
निघताना म्हणाले, "आपण आज फारच कमी बोलताय. म्हणजे नेहमीपेक्षाही."

रवि., २३
गॅरेजचं शटर अर्धं खाली. आत दोन गाड्या होत्या, काकांनी मालकांना परत न्यायला सांगितल्या. "माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही आता."
तपासणी झाली. "घड्याळ काढायला लावलं. अकरा वाजून दहा. मी काटे काढले, सेकंदासकट. डॉक्टर म्हणाला, सगळं उत्तम. आता काय म्हणू लोकांना? मुद्दाम विसरलो?"
सांगायला हीच वेळ होती. मी विचारलं, जेवलात का.

मंगळ., २५
दोन्ही फोटोंचे प्रिंट काढले. आठ बाय बारा. पाकिटात घालून गॅरेजात गेले.
०४१२ वर होता, तो दिला.
काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.
"हातोडा वर आहे."
"हो."
"अगं, वर गेलेला हातोडा मी रिकामा खाली आणत नाही. ठोकलाच होता मी! नटच खराब निघाला असणार." हसले. नऊ तारखेनंतर पहिल्यांदा. शेजारच्या दुकानात जाऊन दाखवून आले. शटर पूर्ण वर केलं.
दुसरा प्रिंट माझ्या हातात, पाकिटातच.
"उद्या सरांना दाखवू. तू पण चल. तूच नीट सांगशील."
हो म्हटलं.
भेटायची वेळ साडेचार. सरांनी घरून भिंग मागवून घेतलंय, काका सांगत होते. ०४१२ बघतील. मग हात पुढे करतील, याच्या पुढचा म्हणून.
०४१३ पाकिटात आहे. पाकीट बॅगेत. बॅग दाराशी ठेवली आहे.