पाचव्या फ्लॅटसाठी अंगठा

दि. ४ जुलै

चि. बाळशेठ यास आजीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

चार फ्लॅटचे हप्ते डोक्यात कोंबलेस, तिथे आजीला वाचता येत नाही एवढं मावायलाही जागा उरली नाही का रे? तुझं पत्र नेहमीसारखं खालच्या खोलीतल्या शिवणताईंनी वाचून दाखवलं. हे उत्तरही त्याच लिहीत आहेत. ‘त्या शिवणवाल्या बाईला महिनाभरात बाहेर काढ, रिकाम्या घरावर बँक जास्त कर्ज देते’ हे त्यांनी अगदी स्वच्छ आवाजात वाचलं आणि पुन्हा वाचू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाचा, माझे कान तृप्त होऊ देत.

पहिल्या फ्लॅटवर कर्ज काढून दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, तिसऱ्यावर चौथा, आणि आता माझं घर गहाण टाकून पाचवा. याला तू पोर्टफोलिओ म्हणतोस. चार घरांचा मालक स्वतः मात्र बायकोपोरीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, जिथे खिडकी उघडली की शेजारच्या भिंतीला आपटते! भाडेकरूंचं भाडं येतं ते बँकेत जातं, मधल्या मध्ये तू त्यांचे गळके नळ बदलत फिरतोस. याला मालक म्हणत नाहीत, गडी म्हणतात. तोही बिनपगारी.

कागदावर अंगठा मागतोस. अंगठा ठणठणीत आहे, पण सध्या तो फक्त तुला दाखवायच्या कामाचा.

नातसुनेला आणि पोरीला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, अक्कल तेवढी वाढव.

तुझी आजी

(‘गडी’ हा शब्द मी दोनदा विचारून मगच लिहिला. — शिवणताई)


दि. १२ जुलै

तीर्थरूप आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. शिवणताईंची माफी मागतो. पण आजी, थट्टा पुरे कर. खरं ते आता सांगतो. पाचवा फ्लॅट वगैरे काही नाही. इथला कारखाना दुसऱ्या गावी हलला, तसे त्याच्या जवळचे माझे दोन फ्लॅट रिकामे झाले. तीन महिने कुणी बघायलाही आलेलं नाही. भाडेकरू गेले तरी हप्ते थांबत नाहीत. तुझ्या घरावर मिळणारं कर्ज मी त्या हप्त्यांतच भरणार होतो. महिनाअखेर पैसे भरले नाहीत तर बँक पहिला फ्लॅटही घेईल, आणि तो हिचे दागिने मोडून घेतलेला आहे. तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

हे बाहेर कुणाला कळता कामा नये, म्हणून ‘पोस्टमनने वाचून दाखवावे’ असं पाकिटावर मुद्दाम लिहिलंय. परक्या माणसाला आपलं काय पडलंय! अंगठ्याचं तेवढं मनावर घे. माझी सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

तुझा नातू


दि. १९ जुलै

चि. बाळशेठ यास आशीर्वाद, वि. वि.

एवढी हुशारी कुठे विकत मिळते रे? तीही हप्त्यावरच घेतलीस वाटतं.

तुझ्या पोस्टमनला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं जगच बहिरं समजून तो वाचतो. दारात उभं राहून वाचलंन. ‘तिला यातलं काहीच सांगितलेलं नाही’ इथवर येईतो समोरच्या तीन खिडक्या उघडल्या होत्या, आणि त्यातली एक तुझ्या मावससासूची. त्याच संध्याकाळी तुझ्या बायकोला फोन गेला. आपला नवरा रोज सकाळी एवढा वेळ दाढी का करतो, हे तिला आता समजलं म्हणे. आरशात तोंड लपवत होतास.

ती काल पोरीला घेऊन इथे आली आहे. रडली नाही. दागिने गेल्याचं दुःख नाही, पण तू तिला मूर्खात काढलंस याचा राग आहे, आणि तो मला पसंत आहे.

माझं घर गहाण पडणार नाही आणि शिवणताई कुठेही जाणार नाहीत. दोन रिकामे फ्लॅट मिळेल त्या भावाला विकून टाक. तोटा होईल, होऊ दे. शेठपणाची फी समज. विकायची बोलणी बँकेत जाऊन नातसूनच करणार, तू बाहेरच्या बाकावर बसायचंस. ती भाड्याची दोन खोल्यांची जागा सोड आणि माझ्या मागच्या खोलीत राहायला ये. फुकट मात्र नाही हं. नातू असलास तरी एक तारखेला भाडं हातात पडलं पाहिजे, नाहीतर तुलाच बाहेर काढीन.

बायकोची समजूत मी घालणार नाही. ते तुझं तू निस्तर, आणि तेही तोंडाने. पत्र लिहू नकोस.

आशीर्वाद आहेत, डोकं ताळ्यावर असेपर्यंत राहतील.

तुझी आजी

ता. क. खोलीची अनामत म्हणून दोन किलो मऊ खजूर पाठव, बिया काढलेला. माझे दात गेलेत, जीभ अजून शाबूत आहे. खजूर आधी येऊ दे, तू मागाहून ये.