होडीवाल्या टॉमची बायको

मी थॉमस लिनक्लेटर, वय एकसष्ट, धंदा होड्या बांधणे, मूळचा ऑर्कनी बेटांचा, हल्ली मुक्काम फोर्ट टेट, हेस नदी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छाती कामातून गेली आहे, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

१. राहतं घर, चूल, अंथरुणं आणि माशांची सगळी जाळी माझी बायको वापन हिला. कातड्यांच्या व्यापाराचं हे ठाणं तीनदा बांधलं, तिन्ही वेळा सुतार मीच. पहिल्या जागी तिचे वडील, याच नदीकाठच्या मूळ जमातीचे, ठाण्याच्या साहेबांना म्हणाले होते, बर्फ फुटलं की नदी इथे आत शिरते. साहेब हसले, आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी हसलो. मे महिन्यात कातड्यांचे गठ्ठे, पीठ आणि माझी पेटी समुद्राकडे गेली. मला छपरावरून वापननेच होडीत घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात आमचा संसार सुरू झाला. दुसरं ठाणं जळालं. तिसऱ्याची जागा तिने दाखवली. एकोणीस वर्षांत तिथे पाणी शिरलेलं नाही.

२. वाकस, रंधे, करवती मुलगी क्रिस्टीला. गिल्बर्टने तोंड वाकडं करू नये. वल्ही मारायला माझा मुलगा दहा जणांना भारी आहे, पण त्याने फटी बुजवलेल्या होडीतलं पाणी मी अजून उपसतो आहे. बंदूक त्याची. त्याच्यावर माझा फार जीव आहे. तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

३. भाऊ रॉबर्ट, मुक्काम ऑर्कनी. चौतीस वर्षांत त्याचं एकच पत्र आलं. त्यात माझ्या तब्येतीची एक ओळ आणि बीव्हरच्या टोपीच्या चार. टोपी पाठवावी. याउपर त्याचा कशावरही हक्क नाही.

४. आता मुद्द्याचं. पाद्री एल्किन्स म्हणतात, चर्चमध्ये लग्न झालेलं नाही, तेव्हा कायद्याने वापन माझी कोणी नाही. रॉबर्ट सगळं मागू शकतो. काल ते लग्नविधीचं पुस्तक घेऊनच आले. खाटेपाशी पाच मिनिटांत लग्न लावून देतो म्हणाले. मी घाबरून मान डोलावली. वापन मासे साफ करत होती. हातातली सुरी खाली न ठेवता ती म्हणाली,

“आज लग्न लावलं, तर कालपर्यंत मी कोण होते? आणि पोरं? तुला भीती वाटते म्हणून मी माझी एकतीस वर्षं पुसून देणार नाही, टॉम.”

मला माझीच लाज वाटली. तिच्या वडिलांनी, सगळ्या आप्तांदेखत, आमचं लग्न लावलं तेच लग्न. दुसरं होणार नाही. पाद्रीबाबा ‘सोबत राहणारी स्त्री’ असं घाला म्हणतात, नाहीतर साक्ष घालायला त्यांचा हात धजत नाही. त्यांच्या साक्षीवाचून हा कागद रॉबर्टच्या वकिलापुढे टिकायचा नाही, हे मी जाणतो. तरी या कागदात ‘बायको’ लिहिलं आहे, ते तसंच राहील.

फोर्ट टेट, ११ फेब्रुवारी १८५३
सही: थॉमस लिनक्लेटर

साक्षीदार:
१. अँगस मॅकफेल, लोहार
२. जॉर्ज एल्किन्स, पाद्री. लिहून देणाराने माझ्यादेखत व त्याच्या बायकोदेखत सही केली.