वीरुपाक्षाचा रुमाल

मानवत, कार्तिक वद्य ३, शके १८६०

सुटली एकदाची मास्तरकी. ताडकळसच्या शाळेत नऊ वर्षं पोरांकडून उर्दूचं अलिफ-बे घोकून घेतलं, छड्या मारल्या, घसा बसवून घेतला. आजपासून मी ईश्वरअप्पांच्या अडतीवर कापसाचा दलाल. बाजाराला लागूनच दोन खोल्या मिळाल्यात, दारात लिंबाचं झाड आहे. बस्तान बसलं की कडूबाईला घेऊन येईन. आज गाड्यांची रांग वेशीपर्यंत होती. मिशांत कापसाचे तंतू अडकले तरी मी आपला खुशीत.

इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवती शंभर माणसं उभी असोत, कुणाला पत्ता लागत नाही. दोन दिवसांत शिकेन.

कार्तिक वद्य १०

दोनाचे सात दिवस झाले. बोटं चुकतात. घेणारे हसतात, शेतकरी गाड्या दुसऱ्या अडतीवर वळवतात. आणि जो तो वीरुपाक्षाचं नाव काढतो. हा माझ्या आधीचा दलाल, पोळ्याच्या सुमारास तापानं गेला. सरकी काढायच्या जिनात, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं पेर तुटलं होतं. लिंबाजी म्हातारा नेमानं इथंच कापूस आणतो. तो मला ऐकवून म्हणाला, "त्या थोट्या बोटात लय इमान होतं, मास्तर." मला अजून मास्तरच म्हणतात. मेलेल्याचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. पण मी करतो.

कार्तिक वद्य १३

दलाल गेला की त्याचा रुमाल त्याच्यासोबत पुरायचा, ही या बाजाराची रीत. वीरुपाक्षाचा तांबडा रुमाल गडबडीत पेढीवरच राहिला होता. आज ईश्वरअप्पांनी तो माझ्या हाती दिला आणि त्याच्या समाधीपाशी पुरून यायला सांगितलं. मी गेलो, खड्डा खणला आणि माझा कोरा रुमाल पुरून आलो. त्याचा माझ्याजवळ आहे. मेलेल्याला काय करायचाय?

मार्गशीर्ष शुद्ध ५

जमलं. तांबडा रुमाल हातावर टाकायला लागल्यापासून बोटं आपसूक पडतात, मला विचारही करावा लागत नाही. वळवलेल्या गाड्या परत आल्या. चारचौघांत ईश्वरअप्पांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, हुबेहूब वीरुपाक्ष. इतके दिवस ज्या शाबासकीला हपापलो होतो ती आली, तीही दुसऱ्याच्या नावानं.

मार्गशीर्ष शुद्ध १२

लिंबाजीनं रुमालाखाली हात घातला. मग डोळे पुसत म्हणाला की, थोटं बोट लागलं. मी हात बाहेर काढून पाचही बोटं दाखवली. त्यानं ती बघितली, आणि हात जोडले ते रुमालाला. सबंध बाजारासमोर. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पण उजवा हात उठलाच नाही.

मार्गशीर्ष वद्य २

कडूबाई आली. लग्नाला अकरा वर्षं झाली, तिनं आपणहून माझा हात कधी धरला नव्हता. छडीचा हात, म्हणायची. आज दुपारी तिचं डोकं दुखत होतं. मी रोजनिशी चाळत बसलो होतो, आणि माझा हात तिच्या कपाळावरून फिरत होता. मी फिरवत नव्हतो. ती डोळे मिटून म्हणाली, "तुमचा हात लय मायाळू झालाय."

मार्गशीर्ष वद्य ४

कडूबाईनं विचारलं, बोटाचं पेर कुठं गेलं. मी हात उन्हात धरला. बोटं पुरी होती. ती म्हणाली, दिसायला पुरं आहे, पण धरलं की लागत नाही. ती घाबरली नाही. हेच मला खुपतंय. तिनं ते बोट सोडलंच नाही.

मार्गशीर्ष वद्य ५

रुमाल चुलीत घातला. पुरता जळाला, राख उकरून बघितली. बाजारात ईश्वरअप्पांचा रुमाल मागून घेतला. तरी बोटं बरोबर पडली. म्हणजे ते रुमालात नाही. आता ते माझ्या —

मार्गशीर्ष वद्य ६

ती माझ्याशी बोलत नाही. हाताशी बोलते. हातालाच विचारते, काय रांधू. मी डावा पुढं केला तर झटकला. कुणाला सांगू हा जळफळाट — माझ्याच मनगटाचा —

दलाली वीरुपाक्षाची. नाव त्याचं. आता बायकोही —

मार्गशीर्ष वद्य ७

डाव्या हातानं लिहितोय. दुपार. लिंबाखाली. कुऱ्हाड — एकच घाव. धोतराचा सोगा आवळून बांधलाय, रक्त थांबत नाही. दलाली गेली. जाऊ दे. कडूबाई तरी माझी —

हात इथंच पडला होता. नाही. धुळीत रक्ताची रेघ — उंबऱ्यापर्यंत —

दार आतून लावलंय. हाका मारतोय. ती ओ देत नाही. आत हसतेय. अकरा वर्षांत अशी कधी —

लाडानं कुणाला तरी म्हणतेय, "बाहेर कोण कण्हायलंय? बघून या की जरा."

कडी निघतेय —