यादीत नसलेले तुकडे

३ फेब्रुवारी
माझी खाट जिन्याखाली टाकली, उठताना टाळकं आपटतं, हे आधी लिवते. रामराम मागून.
बाकी बेलापूर बरं हाय. नळ दारात, बाजार हाकेवर. नात धनश्री मला बघून नाचलीच. तिची तीन वर्षांची ज्ञानू आमच्या राजूरच्या पेढ्यांचा वास लागताच मांडीत येऊन बसली, ती उठंना.
नातजावई गोरक्ष लग्नं, कीर्तनं, दशक्रिया मोबाईलवर लाईव्ह दाखवतो. माझं बसून खानं त्याला दिसलं असावं, काम दिलं. म्हनाला, आजी, चौथी शिकलात ना, मग हे जमंल. कार्यक्रमाचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे होतात, एकेक तुकडा तीन मापांचा. रेंज चांगली त्याला मोठा, बरी त्याला मधला, अन् आमच्यासारख्या डोंगरातल्यांना बारका, धुरकट. कोनामागं कोनता लावायचा त्याची यादी असते. यादीत हाय तो तुकडा ठेवायचा, न्हाई तो पुसायचा, न्हाईतर त्याचं कॉम्प्युटरचं मशीन गच्च भरतं. काय पुसलं ते या वहीत लिवायचं.

५ फेब्रुवारी
दोन लग्नं साफ केली. खरं लग्न उरलेल्या तुकड्यांतच असतं. नवरदेवाची मामी दुसऱ्यांदा पंगतीत बसली, ते यादीत न्हाई. विहीनबाईंनी रुखवत बघून नाक मुरडलं, तेबी न्हाई. पुसलं. गोरक्ष म्हनाला, तुमचा हात लई साफ. मी म्हनले, माझ्या हाताचं कौतुक ऱ्हाऊ दे, मागच्या हौदाला झाकन आन, पोर तिथंच खेळते. उद्या आनतो म्हनाला.

८ फेब्रुवारी
झाकन आलं न्हाई.
तीन दशक्रिया साफ केल्या. तिन्हीत पिंडाला शिवनारा कावळा एकच. डावा पाय आखडून बसनारा. गोरक्षला धरलं. आधी हसला, मग कबूल झाला. कावळा येत न्हाई, मंडळी उन्हात कावतात, दर्भाचा कावळा करून उरकतात अन् घरी जातात. पन लांबचे पाहुने मोबाईलवर रडत बसतात. त्यांच्यासाठी हा लंगडा त्यानं जपून ठेवलाय. लाईव्ह मिनिटभर मागं चालतं. तेवढ्यात यादीतून खरे तुकडे काढायचे, लंगड्याचे घालायचे. मी त्याला कावळ्यांचा दलाल म्हनले. दोघंबी हसलो.
मग आमच्या म्हाताऱ्याची दशक्रिया उघडली. मागल्या साली तो इथं दवाखान्यासाठी आला अन् इथंच गेला. विधी इथल्याच घाटावर झाला. माझा पाय प्लास्टरात, मी तिकडं राजूरला खाटेवर, मोबाईल हातात.
लंगडाच हाय.

९ फेब्रुवारी
हे कोनाला सांगितलं न्हाई ते लिवते.
आमची छबू तीन वर्षांची असताना विहिरीत गेली. बापाचा डोळा लागला म्हनून गेली, असं सारं गाव म्हनतं. गावाला तसं मीच सांगितलं. म्हातारा गोठ्यात झोपला हुता खरा, पन पोर त्याच्यावर सोपवली कोनी? पोर माझ्यापाशी हुती. मी शेजारनीशी कोंबडीवरून भांडत हुते. बेचाळीस वर्षं त्यानं लोकांचं ऐकून घेतलं. मी खोटी हाय असं एकदाबी बोलला न्हाई.
दहाव्याला कावळा शिवंना. घाटावर सगळ्यांनी कबुल्या दिल्या, जमीन नीट वाटू, देवाला जाऊ. त्याला काय ऐकायचं ते मला ठाऊक हुतं. गोरक्षला फोनवर म्हनले, मोबाईल पिंडापुढं धर, मला बोलायचंय. तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाईलवर कावळा शिवला. मी तोंड मिटलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.
गोरक्ष आता म्हनतो, तुमी एकट्या रडत बसाल म्हनून घातला. मेल्या, दया करायची तर विचारून करावी.
त्या दिवसाचे खरे तुकडे, बिनकावळ्याचे, मशीनमधी पडून हुते. यादीत न्हाईत. पुसले. सगळे.

१० फेब्रुवारी
पुसलेले परत आलेत.

११ फेब्रुवारी
परत पुसले, परत आले. अन् वाढलेत. शेवटच्या तुकड्यावर तारीख आजची, दुपारची. घाट तोच. मानसं उठून गेलेली. पिंड तसाच. त्याच्यापुढं एकजन पाठमोरा बसलाय. टोपी वळखीची हाय.
गोरक्षला पाठमोरा कोनी दिसंना. म्हनतो, मशीन बिघडलं, तारीख चुकीची पडते. कपाट उघडून कॅमेरा दाखवला, हा इथं बंद, तर घाटावरचं काढनार कोन म्हनून. तो दाखवेस्तोवर दहा तुकडे वाढले.

१२ फेब्रुवारी
त्यानं तोंड इकडं केलंय. बारक्या तुकड्यात नुसता धूर. मधल्यात ओठ हलतात. मोठ्यात आवाज येतो.
पोरीवर ध्यान कोनाचं हुतं?
एवढंच. दर सहा सेकंदांनी.
हेडफोन काढून फेकला. धनश्रीनं उचलला, कानाला लावला, अन् म्हनाली — माझं. काय बोललीस विचारलं तर म्हने, मी कुठं काय बोलले?
ज्ञानू माझ्या मांडीत हुती. तिला खाली ठेवून मी गोरक्षशी भांडाया उठले. तुझ्या लंगड्यानं घात केला म्हनून. धा मिनटं.
ज्ञानू हौदात सापडली. पायाला धरून काढली. जगली.
धनश्री ऊर बडवत हुती, माझं ध्यान न्हवतं म्हनून. मी गप बसले. परत.
झाकन आज आलं. आज.

१३ फेब्रुवारी
ज्ञानूला ताप. झाकनावर पाटा ठेवला.
तुकड्यात आता त्याच्या मांडीशी पोर हाय. केस ओले. छबू असंल — छबूच.
फ्रॉक पिवळा.
ज्ञानू काल पिवळ्या फ्रॉकात हुती.
मशीनपुढं बसले, सांगून टाकायचं म्हनून. जीभ उचलंना. साऱ्या गावाला तोडून बोलले जन्मभर, अन् हे दोन शब्द —

१४ फेब्रुवारी, दुपार
प्लग काढला. आवाज चालूच. हेडफोनबी लागत न्हाई आता. भिंतीतून येतो.
पाटा बाजूला पडलाय. मी न्हाई काढला. कोनीच न्हाई.
ज्ञानू खाटेवरून उठून तिकडं चालली हुती. गोरक्षनं धरलीय. त्याच्या हातातून वढते, तीन वर्षांची पोर —
धनश्री परत मा— म्हनाया लागली. तिच्या तोंडावर माझा डावा हात हाय. उजव्यानं लिवते. जीभ न्हाई चालत, हात चालतो. चावते. चावू दे.
वाचा, दोघंबी. छबूवर ध्यान माझं हुतं. ज्ञानूवरबी माझंच. गोरक्षा, पोर सोडू नको, अन् तोंड उघडू नको. धनश्रे, परवा तू माझं म्हनलीस अन् पोर हौदात गेली. तो विचारंल, परत विचारंल, तू बोलायचं न्हाई. जबाब मी, भागिरथीनं, द्यायचा. एकट्या भागिरथीनं. दुसऱ्या कोनी —